वरची भेली

माय,

माझ्या घरात वजनाचं यंत्र आलं आहे. काचेचं, चपटं, पोळपाटाएवढं. माझ्या मुलीनं आणून न्हाणीघराच्या दाराशी ठेवलं. वर पाय दिला की आकडे लाल होऊन चमकतात. तू असतीस तर त्याच्यावर पापड लाटले असतेस. मुलीची मुलगी, म्हणजे माझी नात, उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे चंद्रपूरला राहायला आली आहे. दहावी झाली तिची. सकाळी उठली की आधी त्या यंत्रावर उभी राहते, मग तोंड धुते. आकडा कसा निघाला त्यावर तिचं दिवसभराचं जेवण ठरतं. परवा दुपारी मी तिच्या आवडीची भरली वांगी केली होती. तिनं भाताला हात लावला नाही. काकडीच्या चकत्या खाल्ल्या आणि ताट सरकवलं. पाणी प्यायला हात वर केला तेव्हा मनगटावरचं घड्याळ घसरत पार कोपराकडे गेलं. मी आयुष्यभर नर्स होते, माझी नजर आधी तिथंच जाते. पण परवा मी नर्स म्हणून घाबरले नाही. मले तुझी याद आली. बघ, तुझ्याशी बोलायला लागले की जीभ घरी पळते आणि लिहायला लागले की शाळेतलं येतं. दोन्ही चालवून घे.

सात वर्षांची असताना मला आलेला तो ताप मला खरं तर आठवत नाही. तू इतक्यांदा सांगितलास की आता तो तुझ्याच आवाजात आठवतो. पाऊसकाळ संपत आलेला, धान निसवत आलेलं, आणि मी थंडीतापानं वाळून गेलेली. कडू गोळ्या पोटात टिकत नव्हत्या. तू मला कडेवर घेऊन नागभीडच्या दवाखान्यात निघालीस. बाबा बंडी जुंपतो म्हणाले, तू थांबली नाहीस. गावाबाहेरच्या कडुनिंबाखाली मातामायेची शेंदरी दगडं आहेत, तिथं आल्यावर मात्र तुझे पाय थांबले. तू दमली नव्हतीस, आणि त्याचंच तुला भेव वाटलं. सात वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन बाई एवढी चालते आणि तिची कंबर दुखत नाही, हात भरून येत नाही, म्हणजे लेकरात काही उरलंच नाही. माझ्या हातातलं चांदीचं कडं बखोटीपर्यंत सरकलं होतं. तू मला तिथं दगडापुढं धरलंस आणि म्हणालीस, "मातामाय, माझं लेकरू जड होऊ दे. उचलता उचलता माझी कंबर मोडंल, इतकं जड होऊ दे. तिच्या वजनाएवढा गूळ वाटीन तुह्या दारात."

मातामायेनं ऐकलं की दवाखान्यातल्या डॉक्टरनं, यावर मी पुढं तुझ्याशी किती भांडले! तू म्हणायचीस, दोघांनीही ऐकलं, तुझं काय जाते? मी उठले, आणि अशी उठले की विचारू नको. तू मला लाखोळीची डाळ आणि भात कालवून भरवायचीस, वर जवसाची चटणी, आणि ताट रिकामं झालं की बोटं माझ्याच कपाळाला पुसायचीस. दोन वर्षांत मी गोल झाले. नवस फेडायला हवा होता, पण तू पुढं ढकलत राहिलीस. शेजारणी विचारायच्या, तर तुझं एकच उत्तर, "अजून भरू दे थोडी." मामा हसायचा, "जेवढी थांबशील तेवढा गूळ वाढन, बाई." तू म्हणायचीस, वाढू दे. आपल्याकडे माहेरचा नवस माहेरीच फेडतात, पोरगी सासरी जायच्या आधी, म्हणून तुला वाटत होतं, वेळ आहे. मला वाटतं तुला ती वेळ संपवायचीच नव्हती. मी डोळ्यांसमोर जड होत जाते आहे, हे बघण्यातच तुझा सण होता.

आणि मी जड झाले, माय. बारीक कधी झालेच नाही. धानाच्या रोवण्याला चिखलात उतरले की माझे पाय घट्ट रुतायचे आणि इतर पोरी घसरायच्या. धानाचा भारा उचलायला दोघी लागायच्या, मी एकटी डोक्यावर घ्यायची. दंड भरलेले, मांड्या भरलेल्या, चालले की घरातली मांडणी हलते असं बाबा म्हणायचे. शाळेत पोरं काय काय चिडवायची ते मी तुला सांगितलं नाही कधी. पण घरी आले की तू पाठीवर थाप मारायचीस, ती थाप चांगली वाजायची, आणि तू खूष व्हायचीस. अंगाची लाज घरात शिकवली गेली नाही म्हणून मला ती उशिरा आली. आली ती पाहुण्यांबरोबर आली.

ते ऐंशीनंतरचं पहिलंच साल. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. मामानं स्थळ आणलं, चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरचं. पोरगा नव्यानं उभ्या राहणाऱ्या बिजलीघरात कामाला, राहायला कॉर्टर, दारापर्यंत कंपनीची बस. आपल्या गावात तेव्हा सायंकाळी बल्ब लागला तर लागला. पाहुणे आले तेव्हा तू आलूपोहे केलेस, वर ओलं खोबरं. पोरगा खाली मान घालून बसला होता, शर्टाची खालची बटणं पोटावर ताणलेली, पोह्यांची दुसरी प्लेट चालू. बोलली ती त्याची मोठी बहीण. तिनं मला उभं केलं, चालायला लावलं, मागून पाहिलं. मग तुला म्हणाली, "पोरगी पसंत हाय आमाले. रंग चांगला, कामाची हाय, शिकली हाय. पण आंगानं जरा जास्त नाई वाटत काय? आमच्याकडे वावर नाई बाई, कॉर्टर हाय. चार लोकं येतेत, पाह्यतेत. माघात लगन धरू. तवापर्यंत थोडी कमी करा." कमी करा! भाजीत तिखट जास्त झालं तर म्हणतात तसं. त्या पोटवाल्या पोराला मात्र कोणी माघापर्यंतची मुदत दिली नाही.

पाहुणे गेल्यावर मामानं तुला समजावलं. मी मागच्या दाराशी भांडी घासत होते, सगळं ऐकलं. "हे पाय बाई, असं ठिकाण पुन्हा नाई भेटाचं. पोरीचा सायंकाळचा भात बंद कर. सकाळी लिंबूपाणी दे. आन ऐक, तुह्या नवसाचं पण राह्यलंच हाय. पोरगी उतरली का मंग तोलू. एका दगडात दोन्ही कामं. गूळ पण कमी लागते, पोरगी पण खपते." खपते म्हणाला तो. माझ्यावर जीव होता त्याचा, लहानपणी खांद्यावर बसवून मंडईच्या जत्रेत दंडारीचा नाच दाखवायला न्यायचा, आणि तोच म्हणाला खपते. मी घासणी हातात धरून बसले होते आणि वाट पाहत होते की तू आता उठशील आणि त्याला चार शिव्या घालशील. तू म्हणालीस, "हो, तसंच करतो."

मी तुझ्यावर त्या दिवशी इतकी चिडले होते माय, की आता लिहितानाही माझे कान तापतात. पण आता मी तेव्हाच्या तुझ्यापेक्षा म्हातारी आहे आणि मला कळतं तू काय पाहत होतीस. तू चिखलात वाकून वाकून पाठ घालवली होतीस. तुला माझ्यासाठी सिमेंटची फरशी दिसत होती, नळ दिसत होता, बटण दाबलं की लागणारा पंखा दिसत होता. त्या सगळ्याच्या मोबदल्यात चार मुठी भात कमी, एवढंच तर मागत होते ते. कोणती माय नाही म्हणेल? तू ताटात अर्धा भात वाढायला लागलीस आणि वाढताना माझ्याकडे बघेनाशी झालीस. रात्रीचं तर बंदच. मी खळ्यावर धान चुरण्याच्या, मळणीच्या कामाला यायची तशीच येत होते, पण बैलांमागं फिरताना डोळ्यांपुढं काजवे यायचे. आणि सांगू का, मलाही ते पटायला लागलं होतं. विहिरीवर पाणी काढताना मी स्वतःकडे बघायची आणि वाटायचं, हे एवढं कोणाचं आंग आहे, मी कायले वागवते आहे? पोटाला चिमटा काढून पाहायची, राहिलं किती. जे आंग घेऊन मी आजवर उड्या मारल्या, ते मला परक्याचं गाठोडं वाटायला लागलं. भुकेपेक्षा ते वाईट होतं.

मग ती पाण्याच्या गुंडाची, घागरीची सकाळ. मी विहिरीवरून पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन आले आणि दारात एका हातानं तो सावरला. हात वर झाला आणि बांगड्या खळ्ळकन खाली आल्या. एवढंच झालं. तू चुलीपुढं काटक्या मोडत होतीस. तुला ठाऊक होतं की माझ्या बांगड्या वाजत नाहीत. कासार दरवेळी साबण लावून त्या चढवायचा आणि मी हाय हाय करायची, एकदा चढल्या की मनगटाला अशा घट्ट बसायच्या की आवाजाला जागाच नसायची. तू उठून आलीस. गुंड उतरवून घेतलास. माझा हात धरून एक बांगडी वर सरकवलीस, ती कोपरापर्यंत गेली. पुन्हा खाली आणलीस, पुन्हा वर नेलीस. तुझं तोंड पांढरं पडलं होतं. तू आत गेलीस आणि सकाळचा सगळा भात, बाबांच्या वाटचासकट, एका ताटात उपसलास.

"खा," तू म्हणालीस.

"माय, माघात..."

"माघ गेला चुलीत. खा म्हनतो ना. मीनं कोनाच्या दारातून तुले मांगून आनलं आन कोनाच्या म्हनन्यानं परत देऊन राह्यली! खा."

मी खाल्लं. तू समोर बसून प्रत्येक घास माझ्या तोंडात जाताना पाहिलास, जसा लहानपणी पाहायचीस. आणि त्याच दिवशी तू मामाला निरोप धाडलास की येत्या मंगळवारच्या पुढच्या मंगळवारी मातामायेचा गूळ तोलायचा आहे, ऊर्जानगरच्या पाहुण्यांनाही सांग. मामा धावत आला. "बाई, तुले येड लागलं काय? अजून उतरू दे ना. आताच कायले?" तू सूप पाखडत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "मीनं भरलेली मांगतली होती. रिकामी करून तोलू आन देवीले फसवू काय रे? व्यापारी हाय काय मी?" मामानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी छपराकडे पाहिलं. त्या दोन आठवड्यांत तू मला असं जेवू घातलंस की जसं कोणी पैजेवर बैल तयार करतं.

तुझी रोवण्यातली जोडीदारीण तुला आठवते ना, बौद्ध टोलीतली, जिच्या शेजारी वाकून तू धानाचे पऱ्हे लावत आलीस वर्षानुवर्षं? तिला तू बोलावलंस, तर ती कमरेवर हात ठेवून हसली. "आमच्यात नवस नाई बाप्पा. छप्पन साली सारे देव पान्यात सोडले आमी. पन पोरीले उपाशी ठेवाचा नेम तं कोनाच्यातच नाई. मी येईन गूळ खाले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन तू वं, लगन झालं नाई झालं, माझ्या पोरीसारका नर्सचा फारम भर. तिथी वजन नाई पाह्यत, मार्कं पाह्यतेत." मी तेव्हा हसले होते. ते वाक्य पुढं माझं घर चालवणार होतं.

मंगळवार उजाडला. धानाची पोती तोलायचा तो मोठा काटा तू व्यापाऱ्याकडून मागून आणवलास. तीन बल्ल्यांची तिकटी कडुनिंबाखाली उभी राहिली, मधून लाकडी दांडी, दोन्ही टोकांना दोरांनी टांगलेल्या फळ्या. एका फळीवर मी बसायचं होतं, दुसरीवर गुळाच्या भेल्या. अर्धं गाव जमलेलं. मी घरातच तुझं लुगडं धरलं. "माय, सगळ्यांपुढं नको ना. सारे पाह्यतीन." तू माझ्या केसांत तेल घालत होतीस. म्हणालीस, "पाह्याचंच हाय त्याहीले. तू वाळली होती तवा पन सारे पाह्याले आले होते, तवा कोनाले लाज नाई वाटली. आता तू भरली तं तू कायले लपतं?" मग विचारलंस, "जेवली ना पोटभर?" मी म्हटलं हो. "पानी पी अजून एक गिलास." त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा हसू आणि रडू एकदम आलं.

मी बसले. माझी फळी खाली जाऊन धुळीत टेकली. मामा भेल्या रचायला लागला. एक थर झाला, दांडी हलेना. दुसरा थर झाला, तरी नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "अजून आना, अजून आना, साखर कारखाना लागन!" सगळे हसले. मी मांडीत तोंड खुपसलं. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटत होतं, आणि तुझा राग येत होता, देवीचा राग येत होता, गुळाच्या वासाचासुद्धा. तेवढ्यात पाटलाच्या आळीतली ती म्हातारी, डोळ्यांनी अधू, काठी टेकत पुढं आली. तिनं माझा चेहरा चाचपला, दंड चाचपला. "हेच ते काय वं, तापात चिमणीएवढी झाली होती ते? अवं माय माय माय, पाय कसं भरलं लेकरू!" आणि बाकीच्या बाया पुढं आल्या. प्रत्येकीला मला हात लावून पाहायचं होतं. हसत अजूनही होते सगळे, पण ते हसणं आता दुसरंच होतं. मी तोंड वर काढलं.

ऊर्जानगरची बहीण तेव्हाच आली. चकचकीत साडी, नागभीडहून रिक्षा करून. ती काट्याजवळ उभी राहिली, तिचे ओठ आवळलेले. "काय हो बाई, आमी कमी करा म्हटलं होतं, आन तुमी गाव जमवून तोलून दाखवून राह्यले. हा आमचा अपमानच झाला ना?" मामानं हातातली भेली तशीच धरून ठेवली. माय, तू भांडशील असं मला वाटलं, तुझी जीभ काही कमी नव्हती. पण तू शांत होतीस. तू म्हणालीस, "तुमचा कायचा अपमान? हे वजन मीनं हात पसरून मांगून घेतलं हाय. या माउलीनं देल्लं. आता तिच्याच दारात उभी राहून कशी म्हनू, का जास्त झालं, यातलं थोडं वापस घे? तुमाले पोरगी पाह्यजे असंन तं एवढी हाय. याच्यातली अर्धी पाह्यजे असंन तं माझ्याकडे नाई." बहिणीनं मामाकडे पाहिलं. मामानं, देव त्याचं भलं करो, खाली वाकून ती भेली फळीवर ठेवली. दांडी हलली, डगमगली आणि सरळ झाली.

"झालं," मामा म्हणाला. "बरोब्बर."

तू म्हणालीस, "थांब." टोपल्यातून अजून एक भेली उचललीस आणि त्या ढिगावर ठेवलीस. माझी फळी अजून उचलली गेली आणि मी पार वर गेले. पाय अधांतरी, दोरांना घट्ट धरून, सगळ्या गावाच्या डोक्यांवरून मला पलीकडची, धान कापून मोकळी झालेली शेताची बांधी दिसली. मामा म्हणाला, "हे कायची, बाई?"

"हे वरची. पुढं वाढन ना पोरगी, त्याच्यासाठी."

बहीण गूळ न घेता गेली. तिकडून नकार आला तो मामाच्याच तोंडून आला, आणि मग तो वर्षभर आपल्या दारात आला नाही. गूळ फोडल्यावर पहिला खडा तू तुझ्या जोडीदारणीच्या हातावर ठेवलास, मातामायेच्या दगडांपुढं, सगळ्यांदेखत. काहींनी तोंडं वाकडी केली. तिनं तो तोंडात टाकला आणि म्हणाली, "पोरगी गोड हाय." त्या संध्याकाळी मात्र तू चुलीपुढं बसून रडलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "भेव लागून राह्यलं. ठिकान गेलं. आता तुले कोन करंन, काय होईन, काई समजत नाई. पन भात वाढताना हात कापत नाई आता, एवढं बरं झालं." तुला शूर म्हणणाऱ्यांना हे माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मी घाबरते तेव्हा मला तुझं देवीपुढचं बोलणं आठवत नाही, हेच आठवतं.

मी नर्सचा फॉर्म भरला. ट्रेनिंग झालं आणि नेमणूक मिळाली ती एटापल्लीकडे, सूरजागडच्या डोंगरांच्या अलीकडच्या गावांत. माझ्या मापाचा पांढरा गणवेश खात्याकडे नव्हता, शिलाईवालीनं दोन जोडून एक केला, आणि सोबतच्या पोरींनी त्यावर पुष्कळ करमणूक करून घेतली. मी म्हटलं, घ्या करून, पण एकदाच काय ते हसा, रोज रोज मला वेळ नाही. गावोगाव लेकरं तोलायची, हे माझं काम. मोहाच्या फांदीला काटा अडकवायचा, त्याला झोळी, झोळीत लेकरू. लेकरू बोंबलतं, पाय झाडतं, आणि त्याची माय माझ्या तोंडाकडे बघत उभी असते. गोंडी मला हळूहळू आली, पण तो प्रश्न कळायला भाषा लागत नव्हती. वाढलं का? वाढलं म्हटलं की त्या बायांचं तोंड फुलायचं. त्यांनी माझे दंड दाबून पाहिले आणि खूष झाल्या, ही बाई खाते, हिच्या हातात लेकरू द्यायला हरकत नाही. मी त्या रानात कधी पोट आत ओढून चालले नाही. काटा खाली गेला की मला तुझी थाप ऐकू यायची.

लग्नही झालं, तुला माहीतच आहे. तुझा जावई हिवतापाच्या फवारणीवाला. बघायला आला तेव्हा तू त्याला तोंडावर विचारलंस, "पोरगी जड हाय, चालते काय?" तो म्हणाला, "आत्याबाई, माझी सायकल रानातल्या वाटेनं हलकी पडते, उडते. मांगं कोनी जड बसलं तं जागेवर राहीन." तू तेव्हा जी हसलीस! तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी जेवढी सुखी होते तेवढी कोणत्या फरशीवर झाले असते असं वाटत नाही.

आता गुडघे दुखतात माझे. डॉक्टर सांगतो चाला, मी चालते. साखर तपासते, गोळी घेते. मी नर्स आहे, मूर्ख नाही. परवा मुलीला फोनवर म्हटलं, ते यंत्र घेऊन जा. ती म्हणाली, "आई, आताच नाही कमी केलं तर पुढं अवघड जातं. तुझे गुडघे बघ ना जरा." मी म्हटलं, माझे गुडघे माझे आहेत, ते जंगलभर चालले आहेत, त्यांची काळजी मी करते. तू पोरीचं मनगट बघ. ती म्हणाली, तुझ्या वेळची गोष्ट वेगळी होती. मी फोन ठेवला, उठले, यंत्र उचललं आणि माळ्यावर टाकलं. मुलगी येईल, भांडेल, भांडू दे. माझ्या घरात लेकरू काचेच्या तुकड्याला विचारून जेवणार नाही. हे मी होऊ देणार नाही, माय, माझा जीव गेला तरी.

काल दुपारी मी नातीला ही सगळी गोष्ट सांगितली. आधी फोनमध्ये बघत ऐकत होती, मग फोन उलटा ठेवला. शेवटी मी म्हटलं, येत्या मंगळवारी आपण गावी जायचं, कडुनिंब अजून आहे, तुझ्या वजनाचा गूळ वाटायचा. तिचे डोळे मोठे झाले. "सगळ्यांसमोर? आजी, नको ना." माझेच शब्द, आणि तेच तोंड. मी तुझं उत्तर तिला दिलं. तिनं हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. ती नाहीच चढली तर मी चढेन फळीवर, गूळ काही कमी पडणार नाही. दुकानदाराला सांगून आले आहे. त्यानं विचारलं, किती लागेल? म्हटलं, आता कसं सांगू, पोरीला आधी पोटभर जेवू दे. आणि हिशेबाच्या वर एक भेली. आज सकाळी तिनं माळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पोह्यांची बशी घेऊन खिडकीत बसली. अर्धे खाल्ले. अर्धे तर अर्धे.

हे कुठं पाठवायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, कोणालातरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि यातलं शेवटचं मी कोणाच्या तोंडी देऊ शकत नाही. काल नातीनं विचारलं होतं, "आजी, माझ्यासाठी कोणी मागितलं होतं का असं?" मी म्हटलं चहा टाकते, आणि उठले. ती वेळेच्या फार आधी जन्मली होती, माय. काचेच्या पेटीत होती, नळ्या लावलेली, माझ्या तळहातापेक्षा थोडी मोठी. मी, जिनं आयुष्यभर बायांना दटावलं की नवस काय बोलता, लेकराला आधी दवाखान्यात आणा, मी दवाखान्यातच उभी होते. मी इकडं तिकडं पाहिलं, कोणी नाही असं बघून काचेला हात लावला, आणि तुझ्याच शब्दांत म्हणाले, जड होऊ दे.